बरोबर दहा मिनिटं मागं

तिला सगळे घड्याळबाई म्हणायचे. समोर एवढंच म्हणायचे; पाठीमागं काय काय म्हणायचे ते सांगत बसलं तर गोष्ट राहील बाजूला. बंदराच्या उतारावर, दोरखंडाच्या दुकानाला लागून तिचं दुकान होतं. बारा फूट लांब, सात फूट रुंद, रस्त्याच्या बाजूला एक मोठी काच, काचेला टेकून कामाचं टेबल आणि तिन्ही भिंतींवर घड्याळंच घड्याळं. घड्याळ अजून मनगटावर चढलं नव्हतं. पुरुष ते साखळीला अडकवून खिशात ठेवायचे, आणि ते उघडून बाई आत बोटं घालते म्हटलं की लोकांना हसू फुटायचं. त्या काळातली ही गोष्ट.

बाप गेल्यावर वर्षभर लोक पोट धरून हसले. मग ज्या घड्याळांपुढं शहरातल्या बाकीच्या घड्याळजींनी हात टेकले होते, ती हिच्या टेबलावरून टिकटिक करत घरी जायला लागली. तेव्हा लोकांनी हसणं सोडलं आणि तिच्या लग्नाची काळजी करायला घेतली. लोकांना काहीतरी लागतंच. ती तेव्हा चौतिशीची होती. मागच्या खोलीत तिची आत्या राहायची, बापाची धाकटी बहीण. आत्याला ऐकायला कमी यायचं, पण जे ऐकू नये ते मात्र बरोबर ऐकू जायचं. घर म्हणजे ह्या दोघीच.

बापानं तिला हुन्नर दिला आणि त्याबरोबर एक रीत दिली. घड्याळ साफ करून झालं की त्याच्या मागच्या आतल्या झाकणावर सुईनं आपली खूण आणि तारीख कोरायची, भिंगाशिवाय दिसणार नाही इतकी बारीक. पुढं ते घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं तर त्याला कळावं, आधी कुणाकुणाचा हात लागलाय. दुसऱ्याची खूण कधी खरवडायची नाही. आणि झाकणाआड जे वाचलं ते झाकणाआडच ठेवायचं. बापाची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या दोन बाजूंना दोन टिंबं. बाप गेला तरी तिनं तीच चालू ठेवली. स्वतःची करायला हवी होती, कबूल. पण बाईची खूण दिसली की एखादा खवचट घड्याळजी गिऱ्हाइकाचे कान भरणार, म्हणून राहिली ती राहिलीच.

तर ही रीत तिनं एकदा वखारीच्या मालकाला सांगितली, आणि तिथंच चुकलं.

बंदरावरची सगळ्यात मोठी वखार ह्या मालकाची. तिथं पाच मोठी घड्याळं होती, आठ दिवसांच्या चावीची. दर सोमवारी सकाळी ती शिडी घेऊन जायची आणि पाचांना चावी द्यायची. पाचवं घड्याळ वरच्या मजल्यावर, मालकाच्या कुलूपबंद खोलीत. त्या खोलीत बाहेरचं माणूस जायचं ते फक्त हीच, तेही मालक दारात उभा असताना. असाच एकदा उभा असताना त्यानं विचारलं, "पोरी, एवढी घड्याळं तुझ्या लक्षात तरी कशी राहतात गं?"

कौतुकानं विचारलं की हिची जीभ सैल सुटायची. "लक्षात कशाला ठेवायची, मालक? झाकण उघडलं की आत सगळं लिहिलेलंच असतं. कुठून आलं, कुणी उघडलं, कधी उघडलं. माणूस खोटं बोलेल, झाकण नाही बोलत." आणि त्याच्याच खिशातलं घड्याळ उघडून बापाच्या नऊ खुणा तिनं त्याला भिंगातून दाखवल्या. मालक लहान मुलासारखा खूश झाला. हा माणूस एकदा ऐकलेलं कधी विसरत नाही हे अख्ख्या बंदराला माहीत होतं. तिलाही होतं.

पुढच्या वर्षी वखारीत नवा कारकून आला, कारण जुना कारकून धक्क्याखालच्या पाण्यात सापडला. पाय घसरला असं मालक म्हणाला, म्हणून सगळे तसंच म्हणाले. जुन्याला पेट्या मोजायची फार हौस. जहाजातून उतरतात किती, आणि जकातीच्या नाक्यावर पोचतात किती. नव्याला तसली हौस दिसत नव्हती. उंच, जरा वाकून चालणारा, बोलायला गोड, हसला की एकाच बाजूनं हसायचा. एका मंगळवारी दुपारी तो दुकानात आला आणि खिशातलं घड्याळ टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, हे मागं पडतंय. बघता का जरा?"

तिनं डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, आणि भिंग काढून, पुसून परत लावलं.

आत एकाच माणसाच्या चार खुणा होत्या. एक त्रिकोण, त्रिकोणात टिंब, खाली नंबर. हा त्रिकोण ती लहानपणापासून ओळखत होती. तिच्या बापाबरोबर एकाच टेबलावर शिकलेला एक म्हातारा राजधानीत होता, त्याचा हा त्रिकोण. म्हातारा एकदा घरी येऊन चार दिवस राहिला होता आणि चारही दिवस एकच टेंभा मिरवत होता, "मी आता फक्त पोलीस खात्याचं काम करतो. दुसऱ्या कुणाचं घड्याळ हातात धरत नाही. प्रत्येकाला नंबर, काय समजलात?"

म्हणजे वखारीचा हा गरीब कारकून पोलीस खात्याचा माणूस होता. त्यानं कपडे बदलले होते, बोलणं बदललं होतं, चाल सुद्धा बदलली असेल. खिशातलं घड्याळ तेवढं बदललं नव्हतं. त्याच्या पोटात काय लिहिलंय हे त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं, कारण आतलं झाकण घड्याळजीशिवाय कुणी उघडत नाही.

तिनं घड्याळ साफ केलं, तेल दिलं, त्या चार खुणांखाली बापाची खूण आणि तारीख कोरली आणि म्हणाली, "चांगलं घड्याळ आहे. मागं पडायला नको होतं."

"बघू," तो म्हणाला, आणि पुढच्या मंगळवारी परत आला. घड्याळ दहा मिनिटं मागं. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा दहा मिनिटं. येताना काही ना काही बोलायचा. आई तापानं गेली, मामानं वाढवलं, मामा खेड्यातल्या शाळेत मास्तर. हे घड्याळही मामाचंच म्हणे! ती मान खाली घालून ऐकायची. घड्याळाचं खोटं आहे हे तिला पक्कं माहीत होतं, पण आईचं सांगताना त्याचा आवाज असा काही खाली यायचा की तिचा जीव कळवळायचा. मग स्वतःचाच राग यायचा.

सोमवारी ती वखारीत जायची तेव्हा तो उठून शिडी धरायचा. "पडाल," म्हणायचा. "पंधरा वर्षं चढतेय, अजून पडले नाही," ती म्हणायची. "आज पडाल," तो म्हणायचा, आणि शिडी सोडायचा नाही. एकदा शिडी धरल्याधरल्या त्यानं हळूच विचारलं, "वरच्या खोलीतल्या घड्याळाला किती वाजता चावी देता?" ती वरूनच त्याच्याकडं बघत राहिली. तिला तो प्रश्न आवडला नाही. दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. हा माणूस दुकानात येतो तो कशासाठी? माझ्यासाठी, का त्या खोलीसाठी?

तिसऱ्या महिन्यात मात्र एका मंगळवारी तिच्यानं राहवलं नाही. घड्याळ त्याच्यापुढं सरकवून ती म्हणाली, "हे बघा. घड्याळ आजारी असलं की ते थोडं थोडं मागं पडतं. कधी सात मिनिटं, कधी अकरा. दर आठवड्याला बरोबर दहा मिनिटं मागं पडायला माणसाचा हात लागतो. हे दुखणं घड्याळाचं नाही, धन्याचं आहे."

त्याचे कान लालबुंद झाले. पोलीस असो नाहीतर आणखी कुणी, कानांवर त्याचा ताबा नव्हता. मागच्या खोलीतून आत्या खोकली. तो म्हणाला, "मग ह्या दुखण्यावर औषध?" ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी बघू." आणि त्या दिवसापासून बंदराच्या उतारावर दोन माणसांना मंगळवार सोडून दुसरा वार उरला नाही. सरळच सांगायचं तर तिचा त्याच्यावर जीव जडला होता. आत्याला कळलं, दोरखंडवाल्याला कळलं. तिला ते सगळ्यांत शेवटी मान्य झालं.

मान्य झालं आणि तिची झोप उडाली. आपणच मालकाला झाकणांबद्दल सांगून बसलोय हे तिला रात्रंदिवस टोचत होतं. ह्याला सांगायला हवं की घड्याळ फेकून दे, तुझ्या खिशात तुझं मरण आहे. पण सांगितलं तर तो चपापणार आणि शहर सोडून जाणार. एकदा तर तिनं तो त्रिकोण खरवडायला पातं हातात घेतलं. मग बाप आठवला. शिवाय खरवडलेली जागा दुप्पट चमकते, तीही नडायची. पातं खाली ठेवलं. पुढच्या मंगळवारी सांगू, असं ठरवलं. पुढच्या मंगळवारी तो आला, हसला, आणि पुन्हा पुढच्या मंगळवारवर गेलं. असे पाच महिने गेले. शहाणी बाई, पण प्रेमात माणसाचं डोकं गहाण पडतं त्याला काय करणार!

एका गुरुवारी दुपारी साडेतीन वाजता दुकानाचं दार उघडलं आणि मालक आत आला. मागं त्याचा मुकादम. दुकान एकदम लहान झालं.

मालकानं टेबलावर एक घड्याळ ठेवलं. कडेवरच्या ओरखड्यावरून तिनं ते लांबूनच ओळखलं.

"कुणाचं हे?" तिनं विचारलं. आवाज बरा निघाला.

"तूच सांग," मालक खुर्ची ओढत म्हणाला. "तूच म्हणाली होतीस ना, माणूस खोटं बोलेल, झाकण नाही बोलत? आमच्या नव्या कारकुनाचं आहे. म्हटलं, माझं बंद पडलंय, तुझं दे जरा तासभर. देतो म्हणाला, काय करणार? म्हणतो मामाचं आहे. मामा खेड्यात मास्तर, उभ्या जन्मात गाव सोडलं नाही. ठीक आहे. पण गेल्या आठवड्यात माझ्या दोन गाड्या नाक्यावर बरोबर पकडल्या, पोरी. कुणीतरी बोलतंय. गेल्या वर्षीचा कारकून आठवतो ना? बिचारा. पाय घसरला." त्यानं घड्याळ तिच्याकडं सरकवलं. "उघड. काय लिहिलंय ते वाच."

तिनं भिंग लावलं. भिंग लावलं की जग रुपयाएवढं होतं, बाकीचं सगळं जातं. म्हणून तर तिला हे काम आवडायचं. आज काही गेलं नाही. मालकाचा श्वास कानाशी ऐकू येत होता. तिनं झाकण उघडलं. चार त्रिकोण, चार टिंबं, नंबर. खाली बापाच्या नावानं तिनं स्वतः कोरलेल्या खुणा. हे जसंच्या तसं वाचलं तर उद्या परवा धक्क्याखाली आणखी एक माणूस सापडणार. खोटं वाचलं, आणि मालक हेच घड्याळ घेऊन स्टेशनाजवळच्या घड्याळजीकडं गेला, तर दोन माणसं सापडणार.

"काय गं? वाचता येत नाही?"

तिनं भिंग काढलं. तिचा चेहरा तापला होता, आणि हे एक बरं झालं, कारण पुढं जे बोलायचं होतं त्याला तापलेलाच चेहरा लागणार होता.

"मालक, हे मामाचं नाही," ती म्हणाली. "हे माझ्या बापाचं घड्याळ आहे. मी दिलंय त्याला."

मुकादमानं दारातून मान आत घातली.

"तू दिलंस? कशासाठी?"

"बाई माणूस पुरुषाला घड्याळ कशासाठी देतं? सगळं माझ्याच तोंडून वदवून घेणार का?"

मालकानं खिशातून स्वतःचं घड्याळ काढलं. त्याचं झाकण तिला उघडायला लावलं, तिचं भिंग घेतलं, आणि दोन्ही झाकणं शेजारी शेजारी धरून बघायला लागला. "ही तुझ्या बापाची, रेघ आणि टिंबं. दोन्हीत आहे, बरोबर. मग हा त्रिकोण कसला? हा नंबर? माझ्यात नाही तो."

"तुमच्यात कसा असेल? तुमचं तुम्ही दुरुस्तीला आणलेलं. त्रिकोण म्हणजे दुकानाचा घरचा माल. विकायचा नाही म्हणून नंबर घालून ठेवलेला."

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार धाडकन उघडलं आणि आत्या बाहेर आली, हातात अर्धवट रफू केलेला मोजा. "काय म्हणालीस? दादाचं घड्याळ? दादाचं घड्याळ तू त्या लांबड्याला दिलंस? मी शोधतेय तीन महिने, ट्रंक उलटीपालटी केली, आणि तू बाजारात वाटत सुटलीस होय गं? लाज नाही वाटली? लग्नाचा पत्ता नाही आणि बापाचं घड्याळ आधी! अहो मालक, तुम्हीच सांगा हिला काहीतरी, माझं कोण ऐकतंय ह्या घरात!"

मालक हसायला लागला. आधी पोटातल्या पोटात, मग मोठ्यानं. मुकादमही हसला. "म्हणजे मामा निघाला घड्याळबाई!" मालक म्हणाला, आणि मग हसता हसताच थांबला. "पण मग तो खोटं का बोलला माझ्याशी? तेवढं त्याला विचारतो. तू काय सांगितलंस ते सांगणार नाही. बघू त्याच्या तोंडून काय निघतं. मुकादम, तू बस इथं, बाईंना कुठं जायचं नाहीये."

खोटं एक झालं होतं, पण आता दोन तोंडांतून एकच यायला हवं होतं, आणि त्याच्यापर्यंत निरोप न्यायला कुणी नव्हतं. मालकानं घड्याळासाठी हात पुढं केला.

"थांबा, मालक," ती म्हणाली. "उघडलंच आहे तर वेळ लावून देते. चुकलेलं घड्याळ दुकानाबाहेर गेलं की माझं नाव जातं."

तिनं भिंतीकडं बघितलं. तीन वाजून बावन्न मिनिटं. तिनं काटे तीन बेचाळीसवर आणले, पुढचं झाकण मिटलं आणि घड्याळ मालकाच्या हातात दिलं. त्यानं न बघता खिशात टाकलं. त्यानं झाकण उघडून एकदा भिंतीकडं बघितलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

मग ती बसून राहिली. मुकादम दाराशी स्टुलावर बसला, पाय पसरून. "एवढी घड्याळं, बाई, डोकं नाही उठत?" त्यानं विचारलं. तिचं आयुष्यात पहिल्यांदा डोकं उठलं होतं. टिकटिक, टिकटिक, भिंतीवरचं प्रत्येक घड्याळ जणू तिलाच बोलत होतं. त्यानं घड्याळ उघडलंच नाही तर? उघडलं आणि दहा मिनिटं बघून नुसताच हसला तर? दहा मिनिटं म्हणजे मंगळवार, मंगळवार म्हणजे आपण दोघं, आपलं सांग, मामाचं नको, हे त्याला कळायचं कसं? आणि मालकानं आधी प्रश्न विचारून मग घड्याळ दिलं तर? ती समोरचं घड्याळ जोडत होती ते जोडून झालं, आणि बघते तो चाक उलटं बसवलेलं. तिनं ते काढलं आणि पुन्हा उलटंच बसवलं. आत्यानं न बोलता पाण्याचा पेला आणून ठेवला.

साडेचार झाले. पाच झाले. सहाला वखारीचा भोंगा झाला. हमाल उतारावरून घोळक्यानं वर आले, पांगले. काचेतून ती एकेक चेहरा बघत होती. त्यांत तो नव्हता. सव्वासहा. रस्ता रिकामा झाला. तिचा जीव टांगणीला लागला म्हणणं कमीच आहे. तिनं मनातल्या मनात त्याला दोनदा पाण्यातून बाहेर काढलं होतं.

सहा वाजून बावीस मिनिटांनी दार उघडलं. तो आत आला, मुकादमाकडं बघून एका बाजूनं हसला, आणि घड्याळ टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, हे दहा मिनिटं मागं पडतंय."

मुकादमानं डोळा मारला, "चालू द्या," म्हणाला आणि निघून गेला. ती खुर्चीला धरून उभी राहायला गेली आणि परत बसली. त्याचाही चेहरा पांढराफटक पडला होता.

"घड्याळ हातात देऊन विचारलं त्यानं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "किती वाजले म्हणून आधी झाकण उघडलं. समोर वखारीचं घड्याळ, त्यात आणि ह्यात दहा मिनिटं. म्हटलं, हे तुमच्या हातून आलंय. म्हटलं, मालक, लाज वाटली म्हणून मामाचं सांगितलं, हे मला घड्याळबाईनं दिलंय. पाठीवर थाप मारली त्यानं माझ्या."

"तो त्रिकोण कुणाचा आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

त्यानं वळून दाराकडं बघितलं. ती थांबली नाही. "वरच्या खोलीसाठी येत होता ना इथं?"

त्यानं टेबलावरचं घड्याळ उपडं करून ठेवलं. मग म्हणाला, "सुरुवातीला, हो."

"आणि नंतर?"

"नंतर..."

"नको. काही सांगू नका," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. "आठ महिने तुम्ही मला तुमच्या मेलेल्या आईच्या गोष्टी सांगताय. तुमचं खरं कुठलं आणि खोटं कुठलं, मला कळायचं कसं? जिवंत आहात तेवढं पुरे. जा आता."

तो गेला. आत्या मागून आली आणि मोज्यानंच तिचे डोळे पुसत म्हणाली, "दादाचं घड्याळ माझ्या ट्रंकेत आहे, कापडात गुंडाळून. मला माहीत नाही होय?"

आठ दिवसांनी भर दुपारी वखारीला पोलिसांचा गराडा पडला. वरच्या खोलीतले कागद गेले, मालक गेला, मुकादम गेला. त्यांना घेऊन एक बंद गाडी उतारावरून वर आली आणि दुकानासमोरून निघून गेली. काचेतून तिला गाडीवानाशेजारी एक वाकलेली पाठ दिसली. गाडी थांबली नाही.

मग लोकांना रान मोकळं मिळालं. पोलीस होता, ते तर खरंच. पण हिला कसं बनवलं बघा! वाटेनं जाताना बायका काचेतून वाकून बघायच्या. मालकाच्या उरलेल्या माणसांपैकी कुणीतरी एका सकाळी त्या काचेवर धोंडा घातला. तिनं नवी काच बसवली आणि कामाला लागली. दर मंगळवारी दुपारी मात्र तिच्या हातातून काहीतरी सांडायचं. खटला राजधानीत चालला होता, साक्षीदाराला कुणाला पत्र लिहायची मनाई होती, असं दोरखंडवाल्यानं पेपरात वाचून सांगितलं. तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. सात महिने झाले. मालकाला सजा झाल्याचंही पेपरातच आलं.

त्यानंतरच्या मंगळवारी दार उघडलं. तो होता. वाळलेला, अंगावर नवाच कोट. मागं काठी टेकत, उतार चढून दम लागलेली एक म्हातारी.

"काय बिघडलंय?" ती म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

"काही नाही. घड्याळ खात्याचं होतं, जमा केलं. आता माझ्याकडं घड्याळच नाही."

"मग इथं काय काम?"

तो बाजूला सरला. "ही माझी आई."

"कुठली?" तिचा आवाज चढला. "ती तापानं गेलेली?"

म्हातारी लेकाकडं वळली. "म्हणजे मारलंस होय रे मला? आणि तापानं?"

"आई, कामाचा भाग होता तो," तो पुटपुटला. मग घड्याळबाईला म्हणाला, "माझ्या शब्दाला ह्या दुकानात किंमत नाही, ते बरोबरच आहे. म्हणून हिला आणलंय. काय विचारायचं ते हिला विचारा." आणि बाहेर जाऊन, काचेकडं पाठ करून, रस्त्यावर उभा राहिला.

आत्यानं खुर्ची पुढं केली. म्हातारी बसली, दम खाल्ला, आणि पिशवीतून पत्रांचं एक पुडकं काढलं. "मला काही सांगता येत नाही, बाळ. कुठं आहे, काय करतो, घरी लिहायचं नाही असं साहेबाचं फर्मान होतं ह्याला. ही पत्रं साहेबाच्या हातून यायची. पण प्रत्येक पत्रात तेच! मला वाटलं पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. तूच वाच."

तिनं सवयीनं भिंग लावलं, लागत नव्हतं तरी. वरच्या प्रत्येक पत्रात एकच ओळ, 'आई, मी बरा आहे. आज गेलो होतो.' खाली तारीख. पुढचं पत्र, 'आई, मी बरा आहे. आज गेलो होतो.' तारीख. सगळे मंगळवार. ती तारखा मागं मागं वाचत गेली, झाकणातल्या खुणा वाचाव्यात तशी. पहिले दोन महिने नुसतंच 'मी बरा आहे' होतं. 'आज गेलो होतो' पहिल्यांदा आलं ती तारीख तिला तोंडपाठ होती. त्या दिवशी ती म्हणाली होती, हे दुखणं घड्याळाचं नाही, धन्याचं आहे.

ही पत्रं त्यानं कुणाला पटवायला लिहिली नव्हती. ती ह्या टेबलावर कधी येतील असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

"काय गं, खोटं आहे का?" म्हातारीनं काळजीनं विचारलं.

तिनं भिंग काढलं, डोळे पुसले आणि नाही म्हणून मान हलवली. मग उठून दार उघडलं आणि त्या पाठीला म्हणाली, "आत या. काचेसमोर उभे राहिलात की टेबलावर सावली पडते, मला काम दिसत नाही."